डार्विनची टिपणे

चार्ल्स डार्विन याचा जन्म इंग्लंडातील श्रूजबरी या गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. ज्याच्या एका ग्रंथाने जीवसृष्टीविषयीची जगाची समजूत पालटली, तो शाळेत असताना सामान्य विद्यार्थीच गणला जाई. वैद्यकाचा अभ्यास त्याने अर्ध्यावर सोडला. केंब्रिजची पदवी मात्र मिळविली. पुढे १८३१ च्या डिसेंबरात 'बीगल' या जहाजावरून तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. ही सफर जवळजवळ पाच वर्षे चालली. खिशात मावणाऱ्या लहान वह्यांत तो दिसेल ते जागच्या जागी टिपून घेई आणि मागाहून जहाजावर ते विस्ताराने लिहून काढी.

परंतु अशा दक्ष पुरुषाच्या हातूनही एक उणीव राहिली. १८३५ साली गालापागोस बेटांवर त्याने अनेक पक्षी जमविले. मॉकिंगबर्ड पक्ष्यांची नोंद त्याने बेटवार ठेवली; फिंच नावाच्या लहान पक्ष्यांची मात्र ठेवली नाही. १८३७ मध्ये लंडन येथे जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने या फिंचांत अनेक भिन्न जाती असल्याचे दाखविले. मग प्रत्येक बेटावरची जात निराळी होती काय? प्रश्न मोलाचा होता, पण त्याचे उत्तर देणारी चिठ्ठीच नमुन्यांना नव्हती! अखेर कप्तान फिट्झरॉय आदी सहप्रवाशांनी आपल्या पक्ष्यांसोबत ठेवलेल्या नोंदींचा आधार त्याला घ्यावा लागला.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने जीवजातींच्या उत्पत्तीविषयी स्वतंत्र वही घातली. १८४२ पासून डाऊन या खेड्यात राहून त्याने टिपणांची पद्धतच बसविली. निरनिराळ्या विषयांसाठी तीसचाळीस मोठी दप्तरे केली आणि नावे लिहिलेल्या फळ्यांवर ती मांडली. प्रत्येक ग्रंथ वाचून होताच उपयोगी गोष्टींची सूची तो शेवटच्या पानांवर करी. ग्रंथ दुसऱ्याचा असल्यास वेगळा सारांश काढून ठेवी. नवा विषय हाती घेतला की या साऱ्या सूच्या चाळून तो एक वर्गवार सूची तयार करी. मग योग्य ते दप्तर उघडताच जन्मभराचे संचित समोर उभे राही.

आणखी एक नियम तो कटाक्षाने पाळी. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट आढळली की ती तत्क्षणी लिहून ठेवावयाची. कारण अनुकूल गोष्टी ध्यानात राहतात, प्रतिकूल त्वरित विसरतात, हे त्याने अनुभवाने जाणले होते. म्हणूनच १८५९ मध्ये त्याचा 'जीवजातींचा उगम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा विरोधकांच्या बहुतेक आक्षेपांचा विचार त्याने आधीच केलेला होता.

१९ एप्रिल १८८२ रोजी तो निवर्तला. वेस्टमिन्स्टर ॲबी या मंदिरात त्याला चिरविश्रांती मिळाली.

विद्यार्थिमित्रहो, निबंधासाठी ग्रंथातून काही उतरवून घ्याल तेव्हा ग्रंथाचे नाव व पृष्ठांक शेजारी अवश्य लिहा. आणि आपल्या मताला न पटणारी गोष्ट आढळली, तर तिला वहीत पहिली जागा द्या.