जाईबाई चौधरी : एक स्मरण

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची म्हणजे तीत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र असावयाचेच. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपल्या घरोघरच्या मुलींनाही ठाऊक आहेत. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी नागपूरच्या एका बाईंचे नाव सुचविले. तिकडे ते नाव आदराने घेतले जाते. आपल्या किल्लारी-औशाकडे मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. त्या बाई म्हणजे जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म 1892 साली नागपूरजवळच्या उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. त्या चार वर्षांच्या असतील नसतील, तोच 1896 चा दुष्काळ पडला. शेतात काम नाही आणि घरात दाणा नाही, अशी स्थिती आल्यावर गरिबाला शहराचाच रस्ता दिसतो. त्यांचे कुटुंबही पोटापाण्यासाठी नागपुरास आले. नागपूर त्या वेळी मध्य प्रांताची राजधानी होती. 1877 साली सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल तेथे होती, रेल्वे होती, बाजारपेठ होती. तेव्हा काम मिळे. पण अस्पृश्य गणलेल्या माणसाच्या वाट्याला त्यांतले अगदी कष्टाचे व हलक्या मोलाचे तेवढेच येई. वस्ती गावाच्या कडेला आणि पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर. शहरात आल्याने भूक थोडी शमली, विटाळ मात्र तसाच राहिला.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जाईबाईंचे लग्न वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीच झाले. सासरीही दारिद्र्यच होते. संसाराला हातभार म्हणून त्यांनी हमालीचे काम पत्करले. नागपूर ते कामठी हे अंतर पंधरा-सोळा किलोमीटरचे. डोक्यावर लोकांचे ओझे घेऊन ही मुलगी ती वाट तुडवीत असे. डोक्यावरचे ओझे म्हणजे काय, हे आपल्या गावच्या बायकांना सांगावयास नको. मान अवघडते, चुंबळ सरकते, तळपाय पोळतात, आणि मनात एकच हिशेब चालू असतो की आज किती पैसे हाती पडतील. त्या हिशेबापलीकडे विचार करण्यास उसंत मिळत नाही, हेच गरिबीचे खरे दुखणे आहे.

अशा स्थितीत ग्रेगरी नावाच्या ख्रिस्ती मिशनरी बाईंची दृष्टी जाईबाईंवर गेली. एवढ्या कोवळ्या वयाच्या मुलीने एवढे ओझे वाहावे, याचे त्यांना वाईट वाटले. त्यांनी जाईबाईंना लिहावयास वाचावयास मिळेल अशी सोय केली व मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपये पगारावर शिक्षिकेचे काम मिळवून दिले. आज चार रुपयांची किंमत काय! पण कालपर्यंत हमाली करणाऱ्या मुलीला मुले बाई म्हणून हाक मारू लागली, याची किंमत रुपयांत कशी करावी?

हे सुख फार दिवस टिकले नाही. शिकविणारी बाई महार आहे हे कळताच वरच्या जातींच्या पालकांनी आपली मुले त्या शाळेतून काढण्यास सुरुवात केली. त्यांच्या शिकविण्यात काही उणे होते म्हणून हे घडले नव्हते. उणे काढले ते जातीचे. जाईबाईंची नोकरी गेली.

येथे एखादी बाई खचून पुन्हा ओझ्याकडे वळली असती, तर तिला कोण नाव ठेवणार होते? जाईबाईंनी वेगळा मार्ग धरला. आपल्या मुलींना दुसऱ्याच्या दारात जागा नसेल तर आपले दार आपणच उघडले पाहिजे, असे त्यांनी मनाशी घेतले. अस्पृश्य समाजातील मुली शिकल्या पाहिजेत, हा विचार नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आधीच पेरला होता. 1922 साली जाईबाईंनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली व तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. आपल्याकडे पंढरीची वारी घरोघर आहे. ज्याला देवळाबाहेर उभे राहावे लागले, ज्याची समाधी आजही महाद्वाराच्या पायरीशी आहे, त्याचे नाव शाळेला का दिले असेल, हे वारकऱ्यांच्या लेकीसुनांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शाळा चालविणे सोपे नव्हते. ज्या घरात मुलीच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घरातून तिला शाळेत आणावयाचे म्हणजे शिकविण्याआधी आईबापांचे मन वळवावयाचे, हे पहिले काम होते. जाईबाईंनी ते चिकाटीने केले.

1937 च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. देशभरच्या सुशिक्षित स्त्रिया तेथे आल्या. स्त्रियांच्या उन्नतीचे ठराव होणार होते. जाईबाईही गेल्या. भोजनाच्या वेळी मात्र त्यांना निराळे बसविण्यात आले. पंधरा वर्षे शाळा चालविणाऱ्या या बाईला, स्त्रियांच्याच परिषदेत, पंगतीत जागा मिळाली नाही. परंतु हा अपमान त्यांच्या समाजभगिनींनी गिळून टाकला नाही. पुढे लगेच नागपुरात दलित स्त्रियांची सभा भरली व त्या वागणुकीचा जाहीर निषेध करण्यात आला. याच नागपुरात जुलै 1942 मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे स्त्रियांशी बोलले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, कामगार स्त्रियांना रजा व पेन्शन असे ठराव तेथे झाले. त्यामागे जाईबाईंसारख्यांनी वर्षानुवर्षे केलेली मशागत होती. 1964 साली जाईबाई निवर्तल्या.

भगिनींनो, हे चरित्र मी केवळ माहितीसाठी लिहिलेले नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपले गाव जमीनदोस्त झाले. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आपण दिवस काढले आणि मदतीचे अन्न घेण्यासाठी एका रांगेत उभ्या राहिलो. त्या रांगेत भांडे कोणाच्या भांड्याला लागले, हे पाहण्याचे भान कोणास नव्हते. पुढे घरे पक्की झाली, तसे जुने कोपरेही पुन्हा धरले गेले. आता कोणी कोणास उघडपणे वेगळे बसवीत नाही. पण ताट घेऊन आपापल्यांत जाऊन बसणे चालूच आहे. नागपूरच्या त्या परिषदेस नावे ठेवणे सोपे. आपली पंगत पाहणे अवघड.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. वर्धापनदिनाच्या जेवणात ज्या क्रमाने बायका येतील त्याच क्रमाने पंगत बसावी, ओळखीपाळखीने नव्हे. आणि दहावीनंतर ज्या मुलीची शाळा सुटली असेल, तिच्या घरी मंडळाच्या दोघींनी जाऊन यावे. लातूर एस. टी. ने जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. तेथे दूरदूरची मुले शिकावयास येतात. आपल्या गावची मुलगी मात्र ऊसतोडीला किंवा बोहल्यावर जाते. एकदा जाऊन मन वळले नाही तर दुसऱ्यांदा जावे. जाईबाईंनी मुली अशाच गोळा केल्या असतील. आपल्या कार्यकारिणीने या दोन्ही सूचनांचा विचार करावा, एवढी विनंती करून मी हे स्मरण पुरे करते.