रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी : भाडेकरूंना घरमालक करणारा पुरुष

दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेस कपिलधार येथे श्रीमन्मथस्वामींच्या समाधिदर्शनासाठी आपली कुटुंबे गावोगावहून जमतात. दर्शन व प्रसाद झाल्यावर झाडाच्या सावलीत सुखदुःखाच्या गोष्टी निघतात, आणि अलीकडे त्यांत एक विषय हटकून येतो. मुलगा पुण्यास नोकरीला लागला, मुलगी मुंबईस शिकावयास गेली. पण राहत्या खोलीचे भाडेच मिळकतीचा मोठा वाटा गिळून टाकते. तेव्हा गावाकडील जमिनीचा तुकडा विकून शहरात एखादी सदनिका घ्यावी व ती भाड्याने द्यावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. अशा कुटुंबांपुढे यंदा आम्ही रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे चरित्र ठेवीत आहोत. ते आपल्या समाजातील नव्हेत; परंतु त्यांच्या समाजापुढील अडचण मात्र थेट आपलीच होती.

तालमकी हे चित्रापूर सारस्वत समाजातील. या समाजाचा मठ उत्तर कानडा जिल्ह्यात शिराली येथे आहे. तो जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असल्यामुळे तेथील शिकलेले तरुण नोकरीसाठी मुंबईची वाट धरीत. समाज संख्येने लहान, बहुतेकांची मिळकत बेताची, आणि मुंबईत जागा म्हणजे सोन्याचा भाव! त्यातच १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, कोंदट वस्त्यांत रोग फोफावतो हे ध्यानात आल्यावर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले व गावदेवीसारख्या भागांत नवे भूखंड आखले. परंतु घरे पाडली गेली तितक्या त्वरेने नवी उभी राहिली नाहीत, आणि मध्यम स्थितीतील नोकरदारास भाड्याच्या खोलीवाचून गती उरली नाही.

तालमकींचे मोठेपण हे की, त्यांनी प्रथम घराला हात घातला नाही. प्रथम बचतीला घातला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि २७ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी आपल्या समाजातील अल्प मिळकतीच्या कुटुंबांसाठी एक सहकारी पतपेढी स्थापन केली. आपले गुरुतुल्य शामराव विठ्ठल कैकिणी यांचे नाव त्यांनी तीस दिले. महिन्याकाठी थोडे का होईना बाजूस टाकावयाचे, अडल्यानडल्यास सावकाराच्या दारी न जाता आपल्याच पेढीतून कर्ज घ्यावयाचे व ते ठरल्या दिवशी फेडावयाचे, हे वळण समाजाला तेथे लागले. पुढे या पतपेढीची बँक झाली आणि शतकाहून अधिक काळ ती चालू आहे.

१९०४ चा कायदा केवळ पतपेढ्यांपुरताच होता. १९१२ च्या नव्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली. लगेच १९१३ साली सहकारी गृहरचनेच्या प्रचारासाठी मुंबईत एक मध्यवर्ती मंडळ निघाले. त्याच्या चिटणीसपदाचा भार तालमकींनी वाहिला. आणि १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. हिंदुस्थानातील या प्रकारच्या संस्थांत तिला आद्यत्वाचा मान दिला जातो.

या संस्थेची घडण वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. जमीन विकत घेण्यात भांडवल न अडकविता ती ट्रस्टकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली गेली. इमारत संस्थेच्या मालकीची. सभासदांनी भाग घ्यावयाचे आणि भाडेकरू म्हणून राहावयाचे. अशा संस्थेत भाडे ठरते ते बाजारातील चढाओढीवर नव्हे. कर्जाचे व्याज व हप्ता, जमिनीचा पट्टा, नगरपालिकेचा कर, डागडुजी आणि गंगाजळी एवढ्यांची तोंडमिळवणी होईल इतकेच ते असते. जो भाडे देतो तोच भागधारक या नात्याने मालकही असतो. इंग्लंडात ईलिंग येथे १९०१ पासून अशी पद्धत चालू होती. तालमकींनी ती मुंबईच्या मातीत रुजविली.

यात एक त्यागही आहे, तो आम्ही लपवीत नाही. अशा संस्थेतील जागा वाढत्या भावाने विकून नफा कमावता येत नाही. ज्यास केवळ नफा हवा त्याचे समाधान येथे व्हावयाचे नाही. ज्यास स्थैर्य हवे त्याचे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली व १९१८ साली सरकारास भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. तेव्हा या स्थैर्याचे मोल सर्वांस कळून आले असेल.

पुढे या समाजाची वसाहत सांताक्रूझलाही झाली आणि ताडदेव येथील वसाहतीस तर तालमकीवाडी असे नावच पडले. सहकाराच्या देशोदेशींच्या इतिहासावर त्यांनी ग्रंथ लिहिला, समाजातील घराण्यांची माहितीही परिश्रमाने संकलित केली. सरकारने रावबहादुर ही पदवी दिली. पण आमच्या मते वाडीला मिळालेले नाव हीच मोठी पदवी होय.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. आज पुण्यामुंबईत सदनिकेचे वर्षाचे भाडे तिच्या किमतीच्या मानाने थोडेच येते, आणि गृहकर्जाचे व्याज त्याहून बरेच अधिक असते. म्हणजे भाड्यातून हप्ता फिटत नाही. उरलेली रक्कम दरमहा स्वतःच्या खिशातून घालावी लागते. भाडेकरूवाचून जागा चार महिने रिकामी राहिली तर सारेच ओझे अंगावर येते. ज्याच्यापाशी ही तूट सोसण्याची ताकद नाही, त्याने गावची जमीन विकून या व्यवहारात उडी घेऊ नये, असे आम्हांस कळकळीने सांगावेसे वाटते. जमीन एकदा गेली की परत येत नाही.

तालमकींचा क्रम मात्र आजही आचरता येण्याजोगा आहे. आधी नियमित बचत. मग चार विश्वासू कुटुंबांची जूट. मग १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली रीतसर नोंदणी, कारण तोंडी विश्वासावर गोळा केलेला पैसा नाती तोडतो. आणि अखेरीस जागा. पतपेढीपासून गावदेवीच्या संस्थेपर्यंत पोहोचावयास तालमकींना आठ-नऊ वर्षे लागली. पुढील कार्तिकीस कपिलधारी आपण पुन्हा सावलीत बसू, तेव्हा कोणी किती जमीन विकली याऐवजी कोणी वर्षभर बचतीचा एकही महिना चुकविला नाही, याची चर्चा व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.