भदंत थिच क्वांग डुक आणि जगाची नजर

वैशाख पौर्णिमेला आपण घरावर आणि विहारावर पंचरंगी धम्मध्वज लावतो. हा ध्वज प्रथम १८८५ साली सिलोनमध्ये फडकला. १९५० साली सिलोनमध्येच जागतिक बौद्ध भ्रातृत्व परिषद स्थापन झाली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या अधिवेशनाला हजर होते. याच संघटनेने या ध्वजाला जगभरच्या बौद्धांचा ध्वज म्हणून मान्यता दिली आणि तो व्हिएतनाममध्येही घरोघरी गेला. तेरा वर्षांनी तिथे हाच ध्वज लावण्याच्या हक्कासाठी बौद्धांना प्राण द्यावे लागले. त्या लढ्यातील भदंत थिच क्वांग डुक यांचे नाव जगाला माहीत आहे. त्यांचे जीवन मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

बालपण आणि प्रव्रज्या

त्यांचा जन्म १८९७ साली मध्य व्हिएतनाममधील खान्ह होआ प्रांतातल्या एका खेड्यात झाला. सातव्या वर्षी ते घर सोडून आपल्या मामांकडे धम्म शिकायला गेले. मामा स्वतः भिक्षू होते. त्यांनी भाच्याला मुलासारखे वाढवले. पंधराव्या वर्षी ते श्रामणेर झाले आणि विसाव्या वर्षी त्यांना उपसंपदा मिळाली. तेव्हा त्यांना थिच क्वांग डुक हे नाव मिळाले. व्हिएतनामी भाषेत थिच म्हणजे शाक्य. तिथला प्रत्येक भिक्षू आणि भिक्षुणी आपले कुळाचे आडनाव टाकून हे एकच नाव धारण करतात. राजाचा मुलगा असो की कोळ्याचा, चीवर अंगावर आले की तो शाक्यमुनींच्या घरचा. जुने नाव टाकून नवे जीवन स्वीकारणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

उपसंपदेनंतर तीन वर्षे ते डोंगरात एकांतात साधना करीत राहिले. मग खाली उतरले आणि गावोगाव धम्म सांगत हिंडू लागले. १९३२ पासून त्यांच्याकडे बौद्ध संस्थेच्या निरीक्षकाचे काम आले. १९३४ साली ते दक्षिणेकडे गेले. दोन वर्षे कंबोडियात राहून त्यांनी थेरवादाचाही अभ्यास केला. महायानातला भिक्षू थेरवाद शिकायला जातो, यावरून त्यांच्या मनाचा मोकळेपणा दिसतो. आयुष्यभरात त्यांनी एकतीस विहार बांधले किंवा दुरुस्त करून उभे केले. जगाला त्यांचा एकच दिवस आठवतो, पण त्यामागे चाळीसहून अधिक वर्षांची शांत, कोणाच्या नजरेत न भरणारी मेहनत होती.

दुय्यम ठरवलेले बहुसंख्य

दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष दिएम हे कॅथलिक होते. देशातील बहुसंख्य लोक बौद्ध होते, पण लष्करातल्या बढत्या, सरकारी नोकऱ्या, जमिनी आणि मदत यांत कॅथलिकांना झुकते माप मिळे. आधीच्या राजवटीपासून चालत आलेल्या दहा क्रमांकाच्या हुकुमाने बौद्ध धम्माला धर्माचा दर्जा नव्हता. कायद्याच्या लेखी तो एखाद्या मंडळासारखा होता. कॅथलिक चर्चला मात्र हा हुकूम लागू नव्हता.

मे १९६३ मध्ये ह्यू शहरात सरकारने धम्मध्वज लावण्यास मनाई केली. काही दिवसांपूर्वीच दिएम यांच्या आर्चबिशप असलेल्या भावाच्या समारंभात व्हॅटिकनचे झेंडे उघडपणे फडकले होते. ८ मे रोजी बुद्धजयंतीला लोक शांतपणे आकाशवाणी केंद्रासमोर जमले. सैनिकांनी बळ वापरले. आठ जण ठार झाले. त्यांत लहान मुलेही होती. सरकारने सांगितले की हे कम्युनिस्टांचे कृत्य आहे.

भिक्षुसंघाने यावर दगड उचलला नाही. त्याने पाच मागण्या लिहून काढल्या. ध्वज लावण्याची मोकळीक, कॅथलिकांच्या बरोबरीचा दर्जा, धरपकड बंद, धम्माचरण व प्रचार यांचे स्वातंत्र्य, आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई व गुन्हेगारांना शासन. एकही मागणी कोणाचे काही हिरावून घेणारी नव्हती. उपोषणे झाली, मोर्चे निघाले, महिना उलटला. जगाने फारशी दखल घेतली नाही. सायगावमधले परदेशी बातमीदारही कंटाळले होते.

११ जून १९६३

१० जूनला भिक्षूंनी बातमीदारांना निरोप दिला की उद्या सकाळी महत्त्वाचे काही घडेल. बहुतेकांनी दुर्लक्ष केले. दुसऱ्या दिवशी सुमारे साडेतीनशे भिक्षू आणि भिक्षुणींचा मोर्चा कंबोडियाच्या वकिलातीजवळच्या चौकात आला. भदंत क्वांग डुक तिथे पद्मासनात बसले आणि त्यांनी आपला देह अग्नीला अर्पण केला. शेवटपर्यंत ते हलले नाहीत. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी राष्ट्राध्यक्षांना शिव्याशाप दिले नव्हते. प्रजेवर करुणा करा आणि सर्व धर्मांना समान वागवा, एवढीच विनंती केली होती.

असोसिएटेड प्रेसचे माल्कम ब्राऊन तिथे आले होते. त्यांनी घेतलेले छायाचित्र काही तासांत जगभर गेले. आठ जणांच्या मृत्यूने जे झाले नव्हते ते एका चित्राने झाले. अमेरिकेतल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन आपल्याच सरकारला जाब विचारला. अमेरिकेने दिएम यांच्यावर दडपण आणले आणि १६ जून रोजी त्यांनी बौद्धांशी करारावर सही केली.

जगाने काय केले

करार पाळला गेला नाही. २१ ऑगस्टच्या रात्री सैन्याने देशभरच्या विहारांवर छापे घातले आणि चौदाशेहून अधिक लोकांना पकडले. तेव्हा काहींची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली. परराष्ट्रमंत्री वू व्हान माऊ यांनी राजीनामा दिला, भिक्षूसारखे मुंडन केले आणि भारताच्या तीर्थयात्रेला निघण्याचे ठरवले. सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनामी राजदूतांनीही पद सोडले. कंबोडियाने संबंध तोडले. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट स्वतः ब्रह्मदेशचे बौद्ध होते. त्यांनी दिएम यांना पत्र पाठवले. सिलोनने इतर आशियाई व आफ्रिकी देशांसह हा प्रश्न आमसभेपुढे नेला. ऑक्टोबरच्या अखेरीस सात देशांचे चौकशी पथक सायगावला पोहोचले.

पथकाचे काम चालू असतानाच १ नोव्हेंबरला लष्कराने बंड केले आणि दुसऱ्या दिवशी दिएम यांची हत्या झाली. त्या बंडाला अमेरिकेची मूक संमती होती. हत्या हा बौद्धांचा मार्ग नव्हता आणि मागणीही नव्हती. पथकाचा अहवाल डिसेंबरमध्ये आला, पण आमसभेने पुढे काही करायचे नाही असे ठरवले.

पुढचा इतिहास याहून कडू आहे. १९६६ साली त्याच बौद्धांनी लोकनियुक्त सरकारची मागणी केली. नव्या लष्करी सरकारने दानांग आणि ह्यू येथे त्यांना चिरडले. या वेळी अमेरिका त्या सरकारच्या पाठीशी उभी होती. १९७५ नंतर कम्युनिस्ट राजवट आली. तिने १९८१ मध्ये सरकारी देखरेखीखालचा संघ उभा केला आणि स्वतंत्र संघाच्या वडीलधाऱ्या भिक्षूंना वर्षानुवर्षे नजरकैदेत ठेवले. त्याच राजवटीत २०१० साली भदंत क्वांग डुक यांचे भव्य स्मारक त्याच चौकात उभे राहिले. मेलेल्या भिक्षूला वंदन करणे राज्यकर्त्यांना सोपे जाते. जिवंत भिक्षूचे ऐकणे जड जाते.

आपण काय घ्यावे

एक प्रश्न मनात येतोच. प्राणिहिंसा करणार नाही असे शील घेतलेल्याने आपला देह नष्ट करावा काय? महायान परंपरेत देहदानाच्या कथा आहेत. त्या परंपरेत वाढलेल्या भिक्षूचा तो निर्णय होता. पण तथागतांनी देहदंडाचा मार्ग नाकारला आणि मध्यम मार्ग सांगितला. मनुष्यजन्म दुर्लभ आहे असे ते सांगत. म्हणून त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक व्हावे, अनुकरण मात्र करू नये. त्यांच्यामागून आणखी काहींनी तोच मार्ग धरला आणि संघाने आपली मोलाची माणसे गमावली. आपल्या समाजाला जगणारी, शिकणारी, लढणारी माणसे हवी आहेत.

अनुकरण करायचे तर त्यांच्या चाळीस वर्षांचे करावे. एकतीस विहार, गावोगावचे प्रवचन, दुसऱ्या परंपरेकडून शिकण्याची तयारी. आणि संघाच्या त्या पाच मागण्यांचे करावे. स्वच्छ, लेखी, न्याय्य, कोणाचाही द्वेष न करणाऱ्या. आपल्या गावात ध्वजावरून, मिरवणुकीवरून किंवा विहाराच्या जागेवरून तंटा उभा राहिला तर हातघाईवर येऊ नका. सर्वांनी मिळून अर्ज लिहा, तारीख घाला, पोच घ्या, नक्कल जपून ठेवा. जे लिहिलेले नाही ते घडलेच नाही असे म्हणणारे पुष्कळ असतात. ह्यूच्या आठ मृतांच्या बाबतीत सरकारने तेच केले.

जगाची नजर ही मोठी मदत आहे, ती नाकारू नये. पण ती उशिरा येते, आपल्या सोयीने येते आणि लवकर दुसरीकडे वळते. संघ मात्र आपल्याजवळ कायम राहू शकतो, कारण तो आपण स्वतः बांधायचा असतो. येत्या वैशाख पौर्णिमेला ध्वज लावताना मुलांना जवळ बोलवा. हे पाच रंग कुठे कुठे आणि कोणत्या मोलाने फडकले ते त्यांना सांगा, आणि मग दोरी त्यांच्याच हाती द्या.