कापड दुकानातला शास्त्रज्ञ



माझे बाबा नळदुर्गच्या बाजारात कापड विकतात. म्हणून मी आज एका कापडवाल्याचीच माहिती लिहितो. त्यांचे नाव अँटनी व्हॅन लिव्हेनहूक.

त्यांचा जन्म १६३२ साली हॉलंड देशात डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणायचे. अँटनी लहान असतानाच ते वारले. पुढे अँटनी कापड दुकानात काम शिकले आणि डेल्फ्टला स्वतःचे दुकान काढले. त्या काळी कापडाचं सूत भिंगातून तपासत. त्यांना भिंगाचा नादच लागला! काच घासून घासून त्यांनी शेकडो भिंगे बनवली.

ज्या १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याच साली त्यांनी तळ्याचे पाणी भिंगाखाली धरले. आत बारीक जीव पळत होते! मग पावसाचे पाणी पाहिले, विहिरीचे पाहिले. १६७६ साली ते समुद्रावर गेले. पाण्यात उतरणाऱ्या एका माणसाकडून बाटली भरून घेतली. त्या खाऱ्या पाण्यातही जीव होते. घंटेसारखा, देठ आखडून घेणारा एक जीव त्यांना दुसऱ्या पाण्यात दिसला. त्याला आज व्हर्टिसेला म्हणतात. त्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी.

त्यांना लॅटिन येत नव्हते. आपल्या भाषेतच त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली. पण विद्वानांना खरं वाटेना. तेव्हा त्यांनी आठ प्रतिष्ठित माणसांना ते जीव दाखवले आणि त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. १६७७ साली रॉबर्ट हूक यांनी लंडनला स्वतः पाहिले, तेव्हा सर्वांची खात्री पटली. १६८० साली सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. १७२३ साली, नव्वदाव्या वर्षी ते वारले. तोपर्यंत त्यांचे पाहणे आणि लिहिणे चालूच होते.

आता माझं सांगतो. गुरुजींनी आम्हाला गावच्या बारवेचे पाणी सूक्ष्मदर्शकातून दाखवले. त्यात सायक्लॉप्स होता. पूर्वी नारू पसरायचा तो ह्याच्यामुळेच. त्याच्या पाठीवर काचेच्या घंटांचा झुबकाच चिकटलेला! गुरुजी म्हणाले, हे व्हर्टिसेलाचे भाऊबंद. समुद्रातल्या सायक्लॉप्ससारख्या जिवांवरही असेच एकपेशीय जीव बिऱ्हाड करून राहतात. ते त्याचे रक्त पीत नाहीत. त्याच्या पाठीवर बसून फिरतात, आणि तोंडाजवळचे केस हलवून पाण्यातले जिवाणू खातात. मात्र फार गर्दी झाली की ओझ्यानं त्याला पोहणं जड जातं. त्याने कात टाकली की यांचं घर गेलं! मग देठ सोडून पोहत नवीन पाठ शोधायची.

घरी हे सांगितलं तर दादा मला थापाड्या म्हणाला. बाबा पण हसले. मला लई रडू आलं. गुरुजींनी मला लिव्हेनहूक यांची गोष्ट सांगितली ती तेव्हाच. ते रडत बसले नाहीत, त्यांनी लोकांना दाखवलं.

म्हणून पालकहो, वाचून झाल्यावर शेजारच्या टेबलाजवळ या. सूक्ष्मदर्शकाखाली बारवेचं पाणी ठेवलं आहे. आज माझे बाबा पण येणार आहेत. सगळ्यात आधी मी त्यांनाच दाखवणार!

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी