सरखेल कान्होजी आंग्रे आणि चाचेगिरीचा आरोप

एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढला तेव्हा २००८ मध्ये अनेक राष्ट्रांची आरमारे त्यांच्या बंदोबस्तासाठी एकत्र आली. भारतीय युद्धनौकाही त्याच वर्षी तेथे रवाना झाली. समुद्रावरील लुटारू हा सर्वच राष्ट्रांचा शत्रू होय, याविषयी दुमत नाही. परंतु लुटारू कोणास म्हणावे, हे कोणी ठरवावयाचे? या प्रश्नाचे गांभीर्य सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या चरित्राइतके क्वचितच कोठे प्रकट झाले असेल.

कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या सेवेत होते. सुवर्णदुर्गावर पराक्रम गाजवून पुढे आलेल्या कान्होजींकडे १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचे आधिपत्य आले आणि राजाराम महाराजांकडून त्यांना सरखेल हा किताब मिळाला. मोगलांशी चाललेल्या त्या जीवघेण्या संघर्षात किनारा राखण्याचे काम त्यांनी केले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले.

इंग्रजांशी त्यांचा तंटा मुख्यतः दस्तकाचा होता. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी सरखेलांचे दस्तक घ्यावे. न घेतल्यास माल जप्त होईल, असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून अशीच परवानापद्धती शस्त्रबळावर चालवीत आले होते. इंग्रजही एतद्देशीय व्यापाऱ्यांना आपले परवाने देत. तोच हक्क किनाऱ्याच्या धन्याने बजावला, तेव्हा मात्र त्यास चाचेगिरी हे नाव मिळाले. कान्होजींचा हात हलका होता असे नव्हे. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराची नौकाही त्यांनी पकडली आणि बंदिवानांना खंडणी घेऊनच सोडले. परंतु हे सारे छत्रपतींच्या सेवकाने, राज्याच्या अधिकाराने केले होते.

१७१५ च्या अखेरीस मुंबईस आलेल्या गव्हर्नर बून यांनी विजयदुर्ग व खांदेरी यांवर मोहिमा काढल्या. त्या निष्फळ ठरल्या. तेव्हा ऑगस्ट १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी कान्होजींविरुद्ध करार केला. हिंदी महासागरातील चाच्यांच्या पारिपत्यासाठी इंग्लंडहून धाडलेला कमोडोर मॅथ्यूज आपल्या चार युद्धनौकांसह त्यात सामील झाला. डिसेंबरात कुलाबा किल्ल्यावर चढाई झाली आणि ती पुरती फसली. दोस्तांत एकवाक्यता नव्हती. बाजीराव व पिलाजी जाधव यांची फौज कान्होजींच्या मदतीस आली. मॅथ्यूज स्वतः जखमी झाला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांस बाजूस सारून मराठ्यांशी परस्पर तह उरकला. पुढे मॅथ्यूजवरच, चाचे सोडून खासगी व्यापारात गुंतल्याबद्दल, मायदेशी खटला चालला व तो दोषी ठरला! १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही व्यर्थ गेला. ४ जुलै १७२९ रोजी अलिबागेस कान्होजींचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे आरमार अजिंक्य होते.

परक्यांच्या संयुक्त आरमारास जे साधले नाही, ते घरच्या दुहीने साधले. कान्होजींच्या पुत्रांत भाऊबंदकी माजली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनात, म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांशीच हातमिळवणी केली. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या हल्ल्यात जळून खाक झाले. त्यानंतर त्या तोलाचे मराठी आरमार पश्चिम समुद्रावर पुन्हा उभे राहिले नाही.

१९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने खासगी हेतूने केलेले हिंसक कृत्य हीच चाचेगिरीची खूण मानली आहे. या कसोटीवर सरखेलांवरील आरोप टिकत नाही, आणि मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये त्यांचे नाव मिळाले हे यथोचितच झाले. आज आरमारांचे सहकार्य अवश्य हवे. परंतु चाचा कोण, हा निवाडा बलवत्तराच्या सोयीने नव्हे, तर सर्वमान्य कायद्याने व्हावा. कान्होजींच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध तो हाच.