चेहरा परत मिळवून देणारे शल्यविशारद : सर हॅरोल्ड गिलीज

बंगळुरू : दुचाकीच्या अपघातात चेहऱ्यावर आघात झाल्यास डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडण्याचा धोका असतो. या खोबणीचा तळ काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. तो खचला की डोळा आत ओढला जातो आणि रुग्णाला एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात. येथील शिवाजीनगर भागातील बोरिंग अँड लेडी कर्झन रुग्णालय असो वा देशातील अन्य कोणतेही सार्वजनिक रुग्णालय, अपघातग्रस्तांचा ओघ तेथे अखंड सुरू असतो. आज टायटॅनियमची जाळी बसवून खोबणीचा तळ पुन्हा उभारता येतो. मोडलेला चेहरा घडवण्याच्या या शास्त्राला शिस्त लावणाऱ्यांमध्ये सर हॅरोल्ड गिलीज यांचे स्थान अग्रगण्य आहे.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. केंब्रिज विद्यापीठ आणि लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण घेऊन ते कान, नाक व घसा यांचे शल्यचिकित्सक झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक पाहून त्यांच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली. त्यांच्या आग्रहामुळे १९१६ मध्ये ऑल्डरशॉट येथे स्वतंत्र विभाग, तर १९१७ मध्ये सिडकप येथे खास रुग्णालय सुरू झाले. सिडकपला सुमारे पाच हजार सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

जटलंडच्या सागरी युद्धात दोन्ही डोळ्यांच्या पापण्या गमावलेले नौसैनिक वॉल्टर यिओ यांच्यावर गिलीज यांनी १९१७ मध्ये उपचार केले. छातीवरील त्वचा टप्प्याटप्प्याने वर आणून त्यांनी डोळ्यांभोवतीचा भाग नव्याने घडवला. अपयशही त्यांच्या वाट्याला आले. भाजलेल्या एका वैमानिकाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी मोठे त्वचारोपण केल्यानंतर ते सडले आणि १९१८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. घाई न करता शस्त्रक्रिया टप्प्यांत करावी, हा धडा गिलीज यांनी त्यातून घेतला.

त्या काळी टायटॅनियमची जाळी उपलब्ध नव्हती. हाडाची उणीव रुग्णाच्याच बरगडीतील हाड किंवा कूर्चा वापरून भरून काढली जाई. गालाचे हाड खोबणीची बाहेरील भिंत आणि तळाचा काही भाग घडवते. ते खचल्यास कानशिलावरील केसांत छोटा छेद घेऊन आतून उचलण्याची पद्धत गिलीज यांनी सहकाऱ्यांसह १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. व्रण केसांत लपवणारी ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या शास्त्राचे भारताशी जुने नाते आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक मिळाल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनमध्ये छापून आला होता आणि त्यामुळे युरोपीय शल्यविशारदांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले. पुढे डॉ. नोशीर अंतिया यांनी इंग्लंडमध्ये गिलीज यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे सुधारण्याचे काम हाती घेतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला.

गिलीज यांना १९३० मध्ये सर हा किताब मिळाला. १० सप्टेंबर १९६० रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बरगडीच्या तुकड्याची जागा आज बहुतांशी धातूच्या जाळीने घेतली असली, तरी रुग्णाला केवळ जगवणे पुरेसे नसून त्याला समाजात निःसंकोच वावरता आले पाहिजे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र कायम आहे.