साखळी का तुटते, हे शोधणारा माणूस

खोल खाणीत उतरणाऱ्या कामगाराचा जीव एका दोरावर टांगलेला असतो. शाफ्ट, म्हणजे खाणीची उभी विहीर, शेकडो मीटर खोल. वर प्रचंड ड्रम आणि चाक, खाली पाळणा आणि मध्ये बोटभर-दोन बोटे जाडीचा तारांचा दोर. हा दोर किती दिवस वापरावा, कसा तपासावा आणि कधी मोडीत काढावा, याचे कडक नियम आज जगभर आहेत. त्या नियमांचे मूळ शोधत गेले की जर्मनीतील हार्झ पर्वतातल्या क्लाउस्टाल या खाणगावापाशी येऊन थांबावे लागते. तारदोराचे जनक विल्हेल्म आउगुस्ट युलिउस आल्बर्ट हे याच गावचे खाण अधिकारी. ते अभियंते मात्र नव्हते, हे आश्चर्यच म्हणायचे.

आल्बर्ट यांचा जन्म २४ जानेवारी १७८७ रोजी हॅनोव्हर येथे झाला. त्यांना संगीताची उत्तम जाण होती, परंतु शिक्षण घेतले ते कायद्याचे, ग्योटिंगेन विद्यापीठात. १८०६ मध्ये ते क्लाउस्टालच्या खाण प्रशासनात दाखल झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. नेपोलियनच्या युद्धांत राजवटी बदलल्या, पुन्हा पूर्ववत झाल्या. आल्बर्ट एकेक पायरी चढत १८२५ च्या सुमारास वरच्या हार्झमधील खाणींच्या कारभाराचे प्रमुख झाले.

खाणी चांदी, शिसे आणि जस्ताच्या होत्या. शतकानुशतके खोदून वरचे खनिज संपत आले होते आणि दरवर्षी अधिक खोल जाणे भाग होते. खोली वाढली तशी खनिज वर ओढण्याची चिंताही वाढली. त्यासाठी दोन्ही दिशांना फिरू शकणारी मोठी पाणचक्की वापरत. तिला जोडलेले वाखाचे दोर महाग असत आणि ओल्या शाफ्टमध्ये कुजत. म्हणून लोखंडी साखळ्या आल्या. साखळी कुजत नसे, पण तिचे स्वतःचेच वजन इतके की चक्कीची बरीचशी शक्ती साखळी उचलण्यातच खर्ची पडे. शिवाय तेथील बरेच शाफ्ट सरळ उभे नव्हते. ते खनिजाच्या शिरेच्या कलाने तिरके गेलेले होते, त्यामुळे साखळी घासत जाई. आणि एखादे दिवशी, कालपर्यंत तेवढेच ओझे बिनतक्रार उचलणारी साखळी अचानक तुटे.

हे ‘अचानक’ आल्बर्ट यांना स्वस्थ बसू देईना. कडी कमकुवत होती म्हणावे, तर ती इतके दिवस टिकली कशी? ओझे जास्त होते म्हणावे, तर ते रोजचेच. १८२९ पासून त्यांनी याचा छडा लावण्यासाठी साखळ्यांच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांनी बनविलेले यंत्र साखळीला मिनिटाला दहा वेळा या गतीने पुनःपुन्हा वाकवी आणि ताण देई. असे सुमारे एक लाख वेळा. एकदा सहज पेलले जाणारे ओझे हजारो वेळा दिले तर धातू आतून हार मानतो, हे यातून दिसले. आज अभियांत्रिकीत ज्याला धातूचा थकवा म्हणतात, त्यावरील हे पहिले ज्ञात प्रयोग मानले जातात. त्याचे निष्कर्ष १८३७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. रेल्वेच्या आसांवरील आउगुस्ट व्योलर यांचे सुप्रसिद्ध प्रयोग त्यानंतर काही दशकांनी झाले.

खरे तर अधिक जाड साखळी घडवून घेणे हा सोपा मार्ग होता. परंतु जाडी वाढली की वजन वाढते आणि मूळ दुखणे तसेच राहते. साखळीत कड्या एकामागून एक असतात. एक गेली की सगळे गेले. दोरात धागे शेजारी-शेजारी असतात. एक तुटला तरी उरलेले भार वाहतात. लोखंडाची ताकद आणि दोराची ही रचना यांची सांगड घालावी, असे आल्बर्ट यांना वाटले. त्यांनी साडेतीन मिलिमीटर जाडीच्या घडीव लोखंडाच्या चार तारा पिळून एक पेड केला आणि असे तीन पेड पिळून दोर तयार केला. बारा तारा, एकूण जाडी सुमारे १८ मिलिमीटर. हिशेब केला तर मीटरमागे वजन एक किलोही भरत नाही. हे सारे काम हातांनी झाले. दोर वळण्याचे यंत्र तेव्हा नव्हतेच. २३ जुलै १८३४ रोजी क्लाउस्टालच्या कारोलिन शाफ्टमध्ये, सुमारे ४८४ मीटर खोलीवर, हा दोर कामाला लागला.

त्यांच्या दोरात पेडातील तारांचा पीळ आणि दोरातील पेडांचा पीळ एकाच दिशेने होता. त्यामुळे प्रत्येक तारेचा लांब भाग पृष्ठभागावर येतो, झीज विभागली जाते आणि दोर अधिक टिकतो. मात्र असा दोर उलगडू पाहतो, म्हणून त्याला लटकणारे ओझे गिरक्या घेणार नाही अशी सोय करावी लागते. १८७९ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन लँग यांनी याच पद्धतीचे पेटंट घेतले आणि इंग्रजी जगात ती लँग यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जर्मनीत मात्र आल्बर्ट यांचेच नाव कायम आहे. आल्बर्ट यांनी स्वतः पेटंट घेतलेच नाही. १८३५ मध्ये त्यांनी दोर कसा बनवावा याची कृती छापून सर्वांसाठी खुली केली. अमेरिकेत जॉन रोब्लिंग यांनी १८४१ मध्ये पेनसिल्वेनियात तारदोर वळायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा पुढे त्यांनीच केला.

पहिल्या दोरात त्रुटीही होत्या. त्याला मध्ये गाभा नव्हता, त्यामुळे तो ताठर होता. पुढे इतरांनी धाग्यांचा गाभा घातला. त्याने पेडांना आधार मिळाला आणि वंगण धरून ठेवण्याची सोय झाली. लोखंडाची जागा नंतर पोलादाने घेतली. सुरुवातीला हा दोर खनिजासाठीच होता. माणसे शिड्यांनी चढउतार करीत, किंवा गेओर्ग ड्योरेल यांनी १८३३ मध्ये हार्झमध्येच सुरू केलेल्या, वरखाली होणाऱ्या दांड्यांच्या यंत्रावरून. दोरावर माणसे सोपविण्याइतका विश्वास बसायला आणखी काळ जावा लागला.

तो विश्वास बसण्याचे कारण दोराच्या स्वभावात आहे. साखळी न सांगता तुटते. दोराच्या तारा एकेक करून तुटतात आणि डोळ्यांना दिसतात. म्हणूनच दोर रोज, संथ गतीने चालवून, जाणकार माणसाने पाहावा असा दंडक घालता आला. तुटलेल्या तारा मोजायच्या, जाडी कुठे घटली हे पाहायचे, गंज शोधायचा, वंगण द्यायचे आणि सारे वहीत नोंदवायचे. भारतासह अनेक देशांत पाळण्याजवळची टोकाची पकड साधारण दर सहा महिन्यांनी नव्याने बसवतात. त्या वेळी तेथील दोराचा तुकडा कापून उलगडतात, कारण गंज बाहेर दिसण्याआधी आत शिरलेला असू शकतो. दोराची तुटण्याची ताकद त्यावरील नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट, बऱ्याच ठिकाणी सुमारे दहापट, ठेवावी लागते. आणि ठरलेली मुदत संपली की दोर वरून धडधाकट दिसला तरी उतरवतात. थकवा डोळ्यांना दिसत नाही, हे आल्बर्ट यांच्या यंत्राने आधीच दाखवून दिले होते.

४ जुलै १८४६ रोजी आल्बर्ट यांचे क्लाउस्टाल येथे निधन झाले. क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख हेही याच गावचे, एका खाण अधिकाऱ्याचे पुत्र. ते तेव्हा अडीच वर्षांचे होते. हार्झच्या त्या खाणी आता बंद झाल्या आहेत. पाणचक्क्यांना पाणी पुरवणारे तलाव आणि कालवे मात्र टिकून आहेत. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला.